पणजीत कुठं खायचं, आणि किती वाजता

विषय: जानेवारीची गोवा सहल, छोटी हॉटेलं आणि दुकानं
प्रेषक: सहल समिती, टोरोंटो

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाचे बारा जण गुरुवारी रात्री पणजीत पोचत आहेत, रविवारी संध्याकाळचं परतीचं विमान आहे. किनारे नकोत, हे सगळ्यांनी आधीच सांगून टाकलंय. जुनी हॉटेलं, बेकऱ्या, हातकामाची आणि पुस्तकांची दुकानं पाहायची आहेत. बारांपैकी पाच जण शाकाहारी. सध्याचा बेत असा: शुक्रवार-शनिवार फोंतेन्हास (पणजीतली जुनी, पोर्तुगीज वळणाची वस्ती) आणि खाणं, रविवारी सकाळी म्हापशाचा बाजार, दुपारी पणजीत खरेदी. नेटवरून चौदा ठिकाणांची यादी काढून सोबत जोडली आहे. गोव्यातल्या सभासदांनी नजर टाकावी.

समितीतर्फे


विषय: उत्तर: जानेवारीची गोवा सहल
प्रेषक: मळेकर, पणजी

ताई,

यादीतली नावं बरी आहेत, बेत मात्र उलटा करा. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारचा. रविवारी पणजीतल्या बहुतेक दुकानांना कुलूप असतं, त्यामुळे खरेदी शनिवारीच उरकायला हवी.

दुसरं म्हणजे चौदा ठिकाणं गाठायच्या नादाला लागू नका. चर्चचा चौक, १८ जून रस्ता, मळा, फोंतेन्हास हे सगळं पायी होतं. अंतराचा प्रश्न नाही, प्रश्न वेळेचा आहे. इथल्या प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली असते. ती चुकली की हॉटेल तेच, खुर्ची तीच, पण समोर येतं ते उरलेलं.

सकाळ भाजी-पावाची. सिने नॅशनलजवळचं कॅफे भोसले त्यासाठी ओळखलं जातं. आठच्या सुमाराला जा. मुंबईची पावभाजी डोक्यातून काढून टाका, इथे लोणीही नाही आणि तव्यावरचं ठेचणंही नाही. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची किंवा चण्याची, नारळाच्या रसातली. सुकी म्हणजे बटाट्याची. मिक्स म्हटलं की दोन्ही एकाच बशीत येतात. नव्या माणसानं मिक्स घ्यावी, कारण सुकी एकटी पावाबरोबर कोरडी लागते आणि पातळ एकटी पाव भिजवून टाकते. सोबत मिरची भजी. फळ्यावर तोनाक दिसलं तर सोडू नका: भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात बहुधा अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) असतात. बन म्हणजे पिकलं केळं घालून मळलेली, फुगलेली गोडसर पुरी. ती गरमच खायची, गार झाली की तेल धरते. हा सगळा प्रकार शाकाहारी आहे, तेव्हा तुमच्या पाच जणांची सकाळ सुखाची जाईल.

बारा जण एकत्र बसायचा हट्ट धरू नका. अशा ठिकाणी टेबलं वाटून बसतात, अनोळखी माणूस समोर येऊन बसतो. चार-चारांचे तीन गट करा आणि मध्ये पंधरा मिनिटं सोडून आत शिरा. बारा जणांची एकदम ऑर्डर गेली की छोटं स्वयंपाकघर अडतं, आणि कामावर जाणारी रोजची माणसं ताटकळतात. हे मला महत्त्वाचं वाटतं. ही हॉटेलं त्या रोजच्या माणसांवर टिकली आहेत.

दुपार नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, थाळीची. १८ जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक, किंवा ३१ जानेवारी रस्त्यावरचं छोटं आनंदाश्रम. सव्वाबाराला दारात हजर राहा. एक वाजता कचेऱ्या सुटतात आणि रांग लागते. थाळीत भात, हुमण (माशाची आमटी), एखादी भाजी, किसमूर (सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, ओल्या खोबऱ्याबरोबर), बहुधा तिसऱ्या, सोलकढी आणि रवा लावून तळलेला एक तुकडा असतो. थाळीचा दर ठरलेला असतो. फसगत होते ती वरून मागवलेल्या फ्रायमध्ये. इस्वण (सुरमई), पापलेट, चणक अशा माशांचा दर त्या दिवशीच्या बाजारावर आणि आकारावर ठरतो, आणि कार्डावर आकडा नसतो. म्हणून आधी मासा दाखवायला सांगा, दर विचारा, मगच तळायला द्या. यात कुणाला राग येत नाही. तुम्ही जानेवारीत येताय हेही बरं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा ताटात बर्फातला किंवा बाहेरून आलेला मासा जास्त.

शाकाहारी थाळी या हॉटेलांतही मिळते, पण तवा आणि झारा वेगळे असतील असं धरून चालू नका. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सरळ शिवराक, म्हणजे शुद्ध शाकाहारी, हॉटेलात जावं. दोन गट दीड तासानं चर्चच्या पायऱ्यांशी भेटतील, त्यात काही बिघडत नाही.

एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद. हा आळस नव्हे, सकाळी लवकर उघडून रात्री आठपर्यंत चालणाऱ्या दुकानाची विश्रांती आहे. तेवढा वेळ आझाद मैदानाशेजारच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात घालवा. तिथल्या भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा १९३५ च्या आहेत. त्या पाहून मग फरशीच्या दुकानात गेलात तर विकत काय घेतोय ते नीट कळेल.

चारनंतर बेकऱ्या. बागेसमोरचं मिस्टर बेकर १९२२ पासूनचं. फोंतेन्हासमधली कॉन्फेतारिया ३१ दे जानेरो ही जुनी बेकरी. कॅफे सेंट्रलचे मशरूम समोसे संध्याकाळी हातोहात जातात, ते आधी घ्या आणि बेकरीत मग जा. बेबिंका विकत घेताना कापलेली कड पाहा. थर वेगवेगळे मोजता आले पाहिजेत, निदान सात. प्रत्येक थर ओतून वरच्या आचेवर भाजला की मगच पुढचा, असं ते काम आहे, म्हणून वेळ खातं आणि म्हणून महाग. थर एकमेकांत विरघळलेले दिसले तर घाई झाली आहे. चांगल्या बेबिंकाला तूप सुटलेलं असतं, ते दोष समजू नका. कापताना थोडी कोमट करा, फ्रीजमधून काढून लगेच खाल्ली तर मेणासारखी लागते.

अंधार पडला की गाडे. रोस-आमलेट म्हणजे आमलेटवर शागोतीचा (खोबऱ्याच्या मसालेदार कालवणाचा) रस, वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू, सोबत पाव. रस बहुतेक गाड्यांवर चिकनचा, काही ठिकाणी चण्याचा, तेव्हा विचारून घ्या. कटलेट-पाव अनेकदा बीफचा असतो, तेही विचारा.

फोंतेन्हासबद्दल एक कळकळीची विनंती. ती घरं आहेत, आत माणसं राहतात. कुणाच्या पायऱ्यांवर बसून, खिडकीच्या गजाला धरून फोटो काढू नका. रहिवाशांनी पाट्या लावल्या आहेत, तरी रोज हे चालतं. सकाळी नऊच्या आत जा, गल्ली मोकळी असते आणि उजेडही तिरपा, चांगला.

मळेकर


विषय: उत्तर: उत्तर: जानेवारीची गोवा सहल
प्रेषक: म्हापसेकर

मळेकर काकांशी सहमत, पण शुक्रवारची दुपार मी पणजीत धरणार नाही. बाजारातून सव्वाबाराला पणजीत पोचायचं तर साडेदहालाच उठावं लागेल आणि बाजार अर्धा राहील. म्हापशातच जेवा, चारला पणजीत या, थाळी शनिवारी ठेवा.

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून म्हापशाची शटल आहे. तिकीट बसमध्ये नाही, खाली खिडकीवर आधी काढायचं. रांग लांब दिसली तरी भरभर सरकते. साधारण अर्धा तास. टॅक्सीसाठी ओला-उबर उघडत बसू नका, ते गोव्यात नाहीत. एकट्यादुकट्याला पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला. दर बसण्याआधी ठरवायचा.

बाजारात आठला पोचा. गावांतून आलेल्या बायका जमिनीवर माल मांडून बसतात आणि चांगला माल अकराच्या आत संपतो. कोकमं घेताना बोटांनी दाबून बघा. मऊ, काळपट जांभळी हवीत. कडक असतील तर जुनी, आणि हाताला मिठाचा थर लागला तर वजन मिठाचं भरताय. माडाचा गूळ काळा, शंकूच्या आकाराचा मिळतो. हवेतला ओलावा पटकन धरतो, म्हणून घरी नेईपर्यंत दोन पिशव्यांत घट्ट बांधा, नाहीतर कपड्यांना चिकटेल. मिरचीत खोलची आणि हरमलची अशी गावांवरून पडलेली नावं ऐकाल. खोलची काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, रंगाला आणि रेशादच्या (माशात भरायच्या लाल) मसाल्याला तीच हवी. ब्याडगी सुरकुतलेली असते, ती खोलची म्हणून गळ्यात पडू देऊ नका. मोयरे गावची केळी मोठाली. सगळी एकदम पिकतात, म्हणून दोन दिवसांत खाता येतील तेवढीच घ्या.

चोरीसाच्या (डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजच्या) माळा लटकलेल्या दिसतील. त्या विमानातून कॅनडात न्यायचा विचारही करू नका, मांस आहे. इथेच पावात घालून खा: कांद्याबरोबर परतायचं, वरून तेल घालायचं नाही, त्याची चरबीच पुरते. कोकम, मिरची, गूळ जे न्याल ते तिकडच्या कस्टमच्या अर्जावर लिहा.

कापडी पिशव्या घरूनच आणा, दहा-वीसच्या नोटाही.

म्हापसेकर


विषय: तीन शंका
प्रेषक: सहल समिती, टोरोंटो

दोघांचे मनापासून आभार, बेत बदलला. आता तीन गोष्टी. चौघांना दारावर देवनागरीत नाव लिहिलेल्या फरशा करून घ्यायच्या आहेत, तीन दिवसांत होतील? पैसे कार्डानं देता येतात का? आणि फेणी किती नेता येते?

समितीतर्फे


विषय: उत्तर: तीन शंका (फरशा)
प्रेषक: फोंडेकर

फरशांचं सांगतो. फोंतेन्हासमधल्या वेल्हा गोवा गॅलेरियात तयार माल भरपूर आहे, पणजीतच आझुलेज्योस द गोवा हेही नाव आहे. नावाची फरशी मात्र तीन दिवसांत धरू नका. आधी चित्र, मग भट्टी, आणि भट्टी सावकाश गार व्हावी लागते. घाईनं उघडली तर झिलईला बारीक तडे जातात. आताच दुकानाला लिहा, पैसे भरा, शनिवारी फक्त उचला.

मजकूर टाइप करून पाठवू नका. फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात. देवनागरी न वाचणारा कारागीर जे दिसेल तेच रंगवतो. फरशीच्या मापाचं, म्हणजे नेहमीच्या 15 × 15 सेंटीमीटरचं, नाव छापून त्याची पीडीएफ पाठवा. र्‍हस्व-दीर्घ, अनुस्वार, ‘श्री’ आणि ‘ऱ्या’ घरातल्या मोठ्या माणसाकडून तपासून घ्या. भाजण्याआधी रंगवलेल्या फरशीचा फोटो मागा. भट्टीत गेल्यावर एक टिंबही बदलत नाही.

टोरोंटोकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: ही फरशी बाहेरच्या भिंतीवर लावू नका. झिलईखालची माती सच्छिद्र असते. कडेनं पाणी आत शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि झिलईचे पापुद्रे उडतात. गोव्यात दारावर शंभर वर्षं टिकते कारण इथे पाणी गोठत नाही. तिकडे दाराच्या आत लावा किंवा लाकडी चौकटीत बसवून टांगा. नेताना फरशा आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, प्रत्येकीमध्ये पुठ्ठा, आणि हातातल्या सामानात.

फोंडेकर


विषय: उत्तर: तीन शंका (बाकीच्या दोन)
प्रेषक: मळेकर, पणजी

कार्ड छोट्या हॉटेलांत चालेलच असं नाही. यूपीआय किंवा रोख. ज्यांचं एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं आहे त्यांना कॅनडाच्या नंबरवर यूपीआय सुरू करता येतं, पण बँकेनं ते दिलेलं असायला हवं. ओटीपी तिकडच्या सिमवर येतो, म्हणून निघायच्या आधीच सुरू करून दहा रुपये पाठवून बघा.

फेणीचं मद्यप्रमाण साधारण 42.8 टक्के. 24 ते 70 टक्क्यांमधली दारू चेक-इन सामानात माणशी पाच लिटर चालते, दुकानातल्या सीलबंद बाटल्यांत. कॅनडाच्या कस्टमची करमुक्त मर्यादा त्याहून बरीच कमी आहे, तेव्हा माणशी एक बाटली पुरे. मुंबईला रस्त्यानं जाणाऱ्यांनी मात्र जपून, परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेता येत नाही. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, लेबलवर ‘काजू’ आणि गाळणाऱ्याचं नाव पाहून घ्या. आधी चव बघायची असेल तर फोंतेन्हासमधल्या जोसेफ बारसारख्या छोट्या जागी एक पेग घ्या. वासानं दचकणाऱ्यांनी लिंबू, मीठ आणि चिरलेली मिरची घालून सोड्यात घ्यावी. उर्राक जानेवारीत मागू नका. ते पहिल्या धारेचं, काजूच्या हंगामात साधारण मार्च ते मे एवढंच मिळतं आणि फार टिकत नाही.

रविवारबद्दल. बेकऱ्यांपैकी काही सकाळीच उघड्या असतात, म्हणून पोयी घ्यायची तर सातच्या आत. कोंड्याची, आत पोकळ असते, कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये चामट होते. आणि तिकिटावर विमानतळाचा कोड आजच बघा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. एक पणजीच्या दक्षिणेला, दुसरा उत्तरेला. कोणता ते कळवा, त्यावरून टॅक्सी किती वाजता सांगायची ते ठरवू.

मळेकर