आईच्या वृद्धाश्रमात व्हायरलची साथ आलीय, तिला घरी आणू की तिथेच राहू दे?

फोंड्याची_लेक
शनिवार, सकाळी ९.४०

नमस्कार. घाईत लिहितेय, मागेपुढे झालं तर समजून घ्या. माझी आई ८१ वर्षांची, फोंड्याजवळ एका वृद्धाश्रमात दीड वर्षापासून आहे (नाव देत नाही, माणसं चांगली आहेत तिथली). एकूण २२ जण, बायकांच्या हॉलमध्ये ९ खाटा, दोन खाटांमध्ये हात पुरेल एवढंच अंतर. गेल्या रविवारी चवथीचं म्हणून सगळ्यांच्या घरची माणसं भेटायला आली, नेवऱ्यांचे डबे, पोरंटोरं, हॉल नुसता भरून गेला होता. मी पण नातीला घेऊन गेले, ५ वर्षांची आहे, तिचं नाक गळत होतं पण पणजीला भेटायचं म्हणून हट्ट धरून बसली म्हणून नेलं. तेच आता डोक्यातून जात नाहीये.

बुधवारी कळलं की दोघींना ताप-खोकला आहे, काल संध्याकाळपर्यंत ६ जण झाले, त्यातल्या दोघांना हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि रात्रपाळीची बाई पण आजारी पडली. भेटी बंद केल्यात. मॅनेजर म्हणतात व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे, चार दिवसांत उतरेल. आईला ताप नाहीये, ९९.१ दाखवतोय, खोकला पण थोडासाच. पण कालपासून पेजसुद्धा दोन चमचे घेऊन बाजूला सारते, दिवसभर झोपून असते आणि काल फोनवर मला मावशीच्या नावाने हाक मारली. मावशीला जाऊन ९ वर्षं झाली. असं ती कधी करत नाही, सगळ्यांच्या तारखा-तिथी तोंडपाठ असतात तिच्या.

भाऊ लंडनला असतो, तो म्हणतो आत्ताच्या आत्ता घरी घेऊन ये. पण घरी मुलाचं ३ महिन्यांचं बाळ आहे. काय करू? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

डिचोलीकर
शनिवार, सकाळी १०.०५

ताई, मी तर म्हणेन आणाच. २०२० मध्ये माझे वडील असेच एका ठिकाणी होते, गेट बंद झालं ते झालंच, कित्येक महिने कुंपणाबाहेरून हात हलवायचा आणि परत फिरायचं. त्यांना कोविड झालाच नाही शेवटपर्यंत, पण जेवण तुटलं, बोलणं तुटलं, आणि गेले. ते गेट अजून स्वप्नात येतं माझ्या. आपलं माणूस आपल्याजवळ असलेलं बरं. आणि तोवर तिथे सांगून एक अँटिबायोटिकचा कोर्स सुरू करा म्हणजे छातीत उतरणार नाही.

सिस्टर_म्हापसा
शनिवार, सकाळी १०.५०

ताई, घरी आणायचं की नाही ते नंतर बघू, आधी आज दुपारच्या आत डॉक्टरने आईला प्रत्यक्ष बघायला हवं. मी १७ वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच मेडिसिन वॉर्डात गेली. ताप नाही म्हणून आपण निर्धास्त होतो ना, तिथेच फसतो. म्हाताऱ्या माणसांचं शरीर तरण्यासारखं तापत नाही. अन्न नको होणं, दिवसभर झोप, तोल जाणं, आणि अचानक माणसं-वेळ विसरणं, ऐंशीच्या पुढे इन्फेक्शनचं पहिलं लक्षण पुष्कळदा हेच असतं. मावशीचं नाव घेतलं ही गोष्ट मॅनेजरला आणि डॉक्टरला नक्की सांगा, 'वयामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका, कारण कालपर्यंत होत नव्हतं.

एक करा, त्यांच्या रजिस्टरमध्ये आईचं रोजचं तापमान काय असतं ते विचारा. वृद्धांसाठी १०० च्या वर गेलं की ताप धरतातच, पण स्वतःच्या नेहमीच्यापेक्षा २ डिग्रीने चढलं तरी तो तापच. शिवाय ऑक्सिजन बघायला सांगा आणि पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजायला सांगा. ऑक्सिजन ९४ किंवा खाली, किंवा श्वास २५ च्या वर, तर थांबायचं नाही, हॉस्पिटल.

टेस्ट म्हणाल तर नाकातला-घशातला स्वॅब, फ्लू आणि कोविड दोन्हींचा. 'व्हायरल' हे काही आजाराचं नाव नव्हे. फ्लू निघाला तर त्यावर ओसेल्टामिविर नावाचं औषध आहे, ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर उपयोग जास्त, म्हणून सोमवारी बघू म्हणायची सोय नाही, आणि लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघताही सुरू करतात. डोस किडनीच्या हिशोबाने असतो, त्यामुळे स्वतः फार्मसीतून आणून द्यायचं नाही. आणि एकाच आश्रमात ३ दिवसांच्या आत दोघं आजारी पडले, त्यातल्या एकाचा जरी फ्लूचा रिपोर्ट आला तरी ती साथच समजतात आणि तिथल्या बाकी, बऱ्या असलेल्या लोकांनाही हेच औषध प्रतिबंध म्हणून देता येतं. हे पुष्कळ आश्रमांना माहीतच नसतं, तुम्ही विचारा त्यांना.

डिचोलीकर बाब, तुमचं दुःख कळतं हो, पण अँटिबायोटिक नका सांगू. व्हायरसवर त्याचा काही उपयोग नाही, वर जुलाब लागले की आधीच न जेवणाऱ्या बाईच्या अंगातलं पाणी जातं. नंतर न्यूमोनिया झाला तर तेव्हा डॉक्टर देतील.

घरी आणण्याबद्दल. फ्लू १ ते ४ दिवसांत दिसतो आणि लक्षण दिसायच्या आदल्या दिवसापासून पसरतो. आईला लागण झालेलीच आहे असं मला वाटतंय, म्हणजे तिला आज घरी आणणं म्हणजे ते ३ महिन्यांच्या बाळाजवळ आणणं. बाळाला फ्लूची लस ६ महिन्यांआधी देत नाहीत.

आणि नातीबद्दल, ते डोक्यातून काढा. त्या दिवशी हॉलमध्ये किती मुलं होती तुम्हीच लिहिलंय. अमेरिकेत कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, सिॲटलजवळच्या एका केअर होममध्ये ७६ जणांची टेस्ट केली, ४८ पॉझिटिव्ह निघाले आणि त्यातल्या २७ जणांना टेस्टच्या वेळी एकही लक्षण नव्हतं. दारात ताप मोजून सगळं अडवता येत नाही.

सत्तरीची_केअरटेकर
शनिवार, दुपारी १.१५

सिस्टरनी बरोबर सांगितलं. मी ६ वर्षं आश्रमात काम करते, आतली गोष्ट सांगते. पाहुणे महिन्यातून एकदा येतात, आम्ही रोज येतो, कदंब बसमध्ये उभं राहून, भिजून. १२ तासांची ड्युटी, आजारी रजा घेतली तर पगार कापतात मग अंगात कणकण असली तरी पॅरासिटामॉल घेऊन येतोच. मी पण आलेय तशी, खोटं कशाला बोलू. सकाळी तासाभरात ८ जणांची तोंडं धुवायची, कवळी काढून घासायची, डायपर, चहा भरवायचा, खाटेवरून उठवताना तर त्यांचं तोंड आपल्या तोंडाजवळच असतं. दर माणसामागे हात धुवायचे म्हटलं तर नळ हॉलच्या दुसऱ्या टोकाला. आणि पावसात खिडक्या बंद, आजींना गारठा लागतो, सगळ्यांना टीव्हीसमोर बसवायचं, मग एकाचा खोकला सगळ्यांना.

माझ्यासोबतची एकजण दोन आश्रमांत काम करायची, दिवसा इथे रात्री तिथे, तिच्या मागोमाग दोन्हीकडे सर्दी-खोकला गेला. तिला दोष देत नाही, दोन पोरं शिकवते ती.

म्हणून ताई, तुम्ही तिथे हे विचारा, आजारी असलेल्यांना वेगळी खोली केली का, आणि त्यांच्याकडे जाणारी बाई वेगळी ठेवली का, की तीच दोन्हीकडे भरवते. आणि रात्रपाळीच्या बाईला पगारी रजा दिली का ते पण विचारा, नाहीतर ती परवा परत येणार. तुम्ही घरची माणसं बोललात तर मालक ऐकतात, आमचं नाही ऐकत.

मडगावकार
शनिवार, दुपारी ३.३०

छोटीशी भर. माझ्या काकूच्या आश्रमात दोन वर्षांमागे खोकला नव्हता, उलट्या-जुलाब होते, दीड दिवसात अर्धा हॉल आडवा. जिकडे तिकडे सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवलेल्या तरी थांबेना. नंतर डॉक्टर म्हणाले हा नोरोव्हायरससारखा प्रकार दिसतो, त्याला सॅनिटायझर नीट मारत नाही, साबण-पाण्याने हात आणि ब्लीचने फरशी, कमोड, नळाच्या मुठी. आणि कामाच्या बाईचे जुलाब थांबल्यावर पण २ दिवस तिला घरीच ठेवायचं. म्हणजे आजार कुठला ते कळल्याशिवाय बंदोबस्त पण चुकतो, टेस्टचा मुद्दा तेवढ्यासाठी महत्त्वाचा.

फोंड्याची_लेक
शनिवार, रात्री १०.२०

देव बरें करूं सगळ्यांचं. सिस्टर, तुमचं वाचून तशीच गाडी काढून गेले. रजिस्टर बघितलं, आईचं रोजचं ९६.७ ते ९६.९. म्हणजे ९९.१ हा तिच्यासाठी तापच होता आणि दोन दिवस सगळे 'नॉर्मल' लिहीत होते. मी पण तेच समजत होते. ऑक्सिजन ९१. श्वास मी स्वतः मोजले, २८. तिथून थेट हॉस्पिटल, फ्लू ए पॉझिटिव्ह, एक्सरेमध्ये उजवीकडे खाली न्यूमोनिया. ऑक्सिजन लावलाय, ओसेल्टामिविर सुरू केलं आणि न्यूमोनियासाठी अँटिबायोटिक पण डॉक्टरांनीच दिलं. आत्ता झोपलीय. मास्क घालून शेजारी बसलेय, बाळाच्या आईला सांगितलंय मी दोन-चार दिवस घरी येत नाही.

मॅनेजरांना रिपोर्ट दाखवला. ते घाबरले पण ऐकलं त्यांनी. त्यांचे डॉक्टर उद्या सकाळी बाकीच्यांना बघून औषध ठरवणार आहेत. टीव्हीचा हॉल बंद केला, जेवण खाटेवर. रात्रपाळीच्या बाईच्या रजेचं विचारलं तेव्हा जरा गप्प झाले, मग म्हणाले देतो.

डिचोलीकर
शनिवार, रात्री १०.५५

ताई, अँटिबायोटिकचं मी चुकीचं सांगितलं होतं, माफ करा. आई लवकर बऱ्या होवोत. एक विनंती, भेटी बंद असल्या तरी माणसं तोडू देऊ नका. आमच्या वेळी कुणी साधा व्हिडिओ कॉल लावून दिला नाही. बाकीच्या घरच्यांना मिळून सांगा की रोज ठरलेल्या वेळी प्रत्येकाला ५ मिनिटं फोन कानाला लावून द्या, तळमजल्यावर असतील त्यांना खिडकीतून भेटा, छत्री घेऊन उभं राहू आपण, त्यात काय. आणि सिस्टर, लस आता देऊन काही फायदा आहे का?

सिस्टर_म्हापसा
रविवार, सकाळी ७.१०

९१ म्हणजे वेळेत नेलंत ताई. आता पाणी थोडं थोडं द्या, गिळताना खोकला येतो का बघा, आणि रोज बोलत राहा तिच्याशी, वार-तारीख सांगा, चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर लावून ठेवा. हा गोंधळ उतरायला ताप गेल्यावरही काही दिवस लागतात, घाबरू नका.

बाब, लसीचा परिणाम यायला २ आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं काढतो, पावसाळ्यात आणि मग जानेवारी ते मार्च, त्यामुळे आता राहिलेल्यांना दिली तरी फुकट जाणार नाही. पण खरी वेळ एप्रिल-मे, पाऊस लागायच्या आधी, आणि दर वर्षी, कारण व्हायरस बदलतो. वृद्धांमध्ये लस तरुणांएवढी चालत नाही हे खरं, तरी आजार एवढा बळावत नाही. म्हणूनच मी म्हणते की भरवणाऱ्या बायकांना आधी द्या. न्यूमोकॉकलची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवरची लस वेगळी असते, तीही डॉक्टरांना विचारून ठेवा.

सत्तरीची_केअरटेकर
रविवार, सकाळी ८.००

आम्हाला आजवर कुणी दिली नाही लस. कोविडची तेवढी मिळाली. विचारीन मॅडमना.

फोंड्याची_लेक
गुरुवार, संध्याकाळी ६.३०

आई कालपासून ऑक्सिजनशिवाय ९५ वर आहे. आज सकाळी अर्धी वाटी पेज आणि लोणच्याची फोड मागून घेतली, आणि मला विचारलं, नातीचं नाक गळायचं थांबलं का. आश्रमात आणखी दोघांना ताप आला पण रविवारी सगळ्यांना औषध सुरू झालं, मंगळवारनंतर नवीन कुणी नाही. शेवटचा माणूस आजारी पडल्यापासून निदान ७ दिवस ते चालू ठेवायचं म्हणालेत. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या आजी मात्र सोमवारी गेल्या. आईला अजून सांगितलेलं नाही, रोज विचारते त्यांना, कसं सांगू कळत नाहीये.