नवीन रीफ टँक: झोआ मिटलेत, मासे वरच, वाळूवर तपकिरी थर

प्रश्न (पुणे)
नमस्कार मंडळी. आमचा पहिलाच खाऱ्या पाण्याचा टँक. तीन फुटी आहे, आत साधारण दीडशे लिटर पाणी. सुका दगड वापरला. सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजणं) पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले, तेवढं थांबून मगच क्लाउनफिशची जोडी, दोन टर्बो गोगलगाई आणि झोआचा (फुलासारखी तोंडं उघडणाऱ्या, प्रवाळासारख्या जिवाचा) एक तुकडा आणला. तो तुकडा सुरुवातीला इतका छान फुलायचा की लेक शाळेतून आली की दप्तरही न काढता त्याची तोंडं मोजायची. एकोणीस होती.

गेल्या शनिवारनंतर सगळं बिनसलं. झोआ घट्ट मिटलेत. दोन्ही मासे वर पंपाच्या तोंडाशीच घोटाळतात, कल्ले भराभर हलतात. काल एक गोगलगाय उलटी पडलेली दिसली, सुलटी करून काचेला लावली तरी चिकटेना. वाळूवर तपकिरी भुकटी बसते, काढली की दोन दिवसांत परत.

अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. दुपारी पाणी ३० अंशांवर जायला लागलं म्हणून शनिवारीच दोन पंखे लावले, आता २७ असतं. पाणी रोज अडीच लिटर घटतं, ते कालवून ठेवलेल्या मिठाच्या पाण्याने भरते. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं. दीर म्हणतात मालवणहून समुद्रातला जिवंत दगड (ज्यावर जिवाणू आणि बारीक जीव असतात तो) आणतो, मग टँक सावरेल. आणू का?

उत्तर १ (ठाणे)
ताई, दगड राहू द्या, आधी खारटपणा मोजा. पंख्याने पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळे. त्यात उडतं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. तुम्ही भर घातलीत खाऱ्या पाण्याची. अडीच लिटर, सहा दिवस, म्हणजे पंधरा लिटर. लिटरला ३५ ग्रॅम धरले तर अर्धा किलोहून जास्त मीठ वरचं गेलंय. घट नेहमी गोड्या पाण्यानेच भरायची.

आणि समुद्रातून दगड अजिबात नको. त्यावर जिवंत प्रवाळ असू शकतं, आणि दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दिरांना आजच फोन करून थांबवा.

प्रश्नकर्ती
मोजलं. विशिष्ट घनता १.०२९! पंधरवड्यापूर्वी १.०२६ होतं. पाण्याची पातळी रेषेवर आहे ना, एवढंच मी बघत होते. गोगलगाय गेली. फार वाईट वाटतंय.

उत्तर १ (ठाणे)
एकदम खाली आणू नका, नाहीतर उरलेल्यांना दुसरा धक्का बसेल. रोज पाच लिटर टँकचं पाणी काढा आणि तेवढंच गोडं पाणी सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) सावकाश सोडा. तीन दिवसांत १.०२६ च्या आसपास याल. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) मात्र ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मिठाच्या द्रावणावर जुळवून घ्या, नुसत्या गोड्या पाण्यावर शून्य लावलेला फसवू शकतो. मेलेली गोगलगाय लगेच बाहेर काढा, कुजली की अमोनिया चढतो. पंखे चालूच ठेवा.

उत्तर २ (नाशिक)
भुकटीबद्दल. मोठ्या सिरिंजने तिच्यावर पाणी सोडून बघा. धुरासारखी उडाली तर डायटम (एक सूक्ष्म शेवाळ), नव्या टँकमध्ये ते येतातच. शेंबडासारखी तार निघाली आणि तिच्यात बुडबुडे अडकलेले दिसले, तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजीव) असू शकतात, तेव्हा परत लिहा.

डायटमना सिलिका लागते आणि ती बहुधा तुमच्या पाण्यातून येतेय. घरच्या बऱ्याच आरओंमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ॲडजस्टर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. टीडीएस मीटर लावून बघा. टँकसाठी आकडा शून्याच्या जवळ हवा, त्यासाठी आरओनंतर डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचं) नळकांडं जोडावं लागतं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येत असेल तर ते लावाच.

प्रश्नकर्ती
पाच दिवसांनी लिहितेय. १.०२६ वर आलंय. मासे परवा रात्री पहिल्यांदा खाली दगडाच्या कपारीत झोपले. सिरिंज मारली तर धूरच उठला, तार नाही. मीटर आणला, स्वयंपाकघरातलं पाणी ८४ दाखवतंय, रेझिन मागवलंय. टँकर येतोच आमच्याकडे, एक दिवसाआड. झोआची आज सकाळी सात तोंडं उघडी होती. लेकीने मोजली.