थंडीची सुट्टी, मोबाईलवरचा वर्ग आणि ‘पालकच कमी पडले’ हा आरोप

लोकमान्यनगर :

काल विजयनगरकरांनी इंदूरच्या मराठी मंडळींच्या या गटात लिहिलं की थंडीमुळे कलेक्टरच्या आदेशाने पाचवीपर्यंतच्या वर्गांना सुट्टी लागली, तर शाळांनी लगेच ऑनलाइन वर्ग सुरू करावेत. तिथवर ठीक. पण पुढचं वाक्य असं होतं : ‘कोविडमध्ये ऑनलाइन शिक्षण फसलं नव्हतं, पालकांनी मुलांशेजारी बसायचा कंटाळा केला म्हणून मुलं मागे पडली.’ खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग. हे वाचून संताप झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मोठा तेव्हा पहिलीत होता. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपल्या मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले 20 सप्टेंबर 2021 ला, तेही अर्ध्या हजेरीने. पुढे जानेवारी 2022 मध्ये पुन्हा बंद. म्हणजे पहिलीत गेलेलं मूल दुसरीच्या मध्यावर पहिल्यांदा वर्गात बसलं. अक्षर गिरवायचं, पेन्सिल धरायची, शेजारच्याची वही बघून शिकायचं ते सगळं वय घरात गेलं. आणि शेजारी कोण बसलं? आईच बसली. कुकर लावून बसली, स्वतःच्या ऑफिसची मीटिंग म्यूट करून बसली. तिला कोणी कंटाळा केला म्हणू नये.

फसलं कुठे ते सांगते. परवा धाकटीचा ऑनलाइन वर्ग होता, दुसरीचा. वजाबाकी चालली होती. 43 वजा 18. तिने उत्तर लिहिलं 35. का? तिने 8 मधून 3 काढले आणि 4 मधून 1. वरचा अंक लहान असला तर खालच्यातून वरचा काढायचा, हा तिने स्वतःच बसवलेला नियम. वर्गात मॅडम बाकांमधून फिरतात, मुलीचं बोट कुठे थांबलं ते त्यांना दिसतं, तिथेच धरतात. मोबाईलवर मॅडमना दिसत होतं कपाळ आणि पंखा. संध्याकाळी वहीचा फोटो पाठवायचा, त्यावर हिरवी खूण आली. उत्तर चूक असूनही! चाळीस फोटो बघणारी बाई करणार तरी काय.

केंद्राने जुलै 2020 मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना काढल्या होत्या. पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं, एकेक तीस ते पंचेचाळीस मिनिटांचं. बालवाडीला तर अर्ध्या तासापेक्षा जास्त नाहीच, तेही मुख्यतः पालकांशी बोलायला. आमच्याकडे सकाळी साडेआठ ते साडेबारा स्क्रीन चालू असायचा. सहा वर्षांच्या मुलाला. सूचना पाळल्या नाहीत शाळांनी आणि दोष पालकांच्या माथी?

विजयनगरकर :

ताई, माझ्या वाक्याने तुम्ही दुखावलात, पण मी मागे घेणार नाही. मी आणि माझी बायको दोघंही आयटीत. आम्हीही घरूनच काम करत होतो. रोज सकाळी एक तास मी मुलासोबत बसायचो, संध्याकाळी ती. माझा मुलगा त्या काळात घड्याळ बघायला शिकला, पाढे पाठ झाले. ज्यांनी वेळ दिला त्यांची मुलं मागे पडली नाहीत. हे कटू आहे, पण खरं आहे.

आणि फोन नव्हता हे कारण आता सांगू नका. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी 2018 मध्ये 36.5 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, 2020 मध्ये 61.8 टक्के. लोकांनी फोन घेतलेच की.

परदेशीपुरा :

भाऊ, घरात फोन असणं आणि पोराच्या हातात फोन असणं यात फरक आहे. आमच्या घरात फोन एकच. मी सकाळी नऊला कपड्यांच्या दुकानावर जायचो तर फोन माझ्याबरोबर. दुकान बंद होतं तेव्हा घरी होता, पण रिचार्ज करायला पैसे नव्हते. पोरगी आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने गरीब पोरांसाठी राखलेल्या चतुर्थांश जागांच्या कोट्यातून मोठ्या शाळेत लागलेली, वर्ग सकाळी. रात्री नऊला मी आलो की ती दिवसभराचे मेसेज बघायची, झोप डोळ्यांत. तुमच्या दोघांच्या दोन लॅपटॉपवर मला राग नाही. पण मी कंटाळा केला असं म्हणू नका.

विजयनगरकर :

तुमच्याबद्दल नव्हतं म्हटलं. तुमची गोष्ट वेगळी.

परदेशीपुरा :

वेगळी कशी? वर्गातली चतुर्थांश पोरं माझ्यासारख्यांची होती.

दुसरीची मॅडम :

मी खाजगी शाळेत दुसरीला शिकवते, म्हणून दोन्ही बाजूंना सांगते. आम्हाला त्या वर्षी अर्धा पगार मिळत होता, काही महिने तोही नाही. हायकोर्टाने फक्त ट्यूशन फी घ्यायला सांगितलं, पालकांनी तीही थांबवली आणि कात्री लागली ती आमच्या पगाराला. त्या पगारात चाळीस मुलांचे फोटो रात्री अकरापर्यंत तपासायचे. माझं स्वतःचं मूल बाजूच्या खोलीत रडत असायचं. लोकमान्यनगर ताई, ‘हिरवी खूण’ वाचून वाईट वाटलं. ती खूण कशी पडते ते मला माहीत आहे.

पण विजयनगरकर, तुमचंही चूक आहे. लहान मुलांना वर्ग म्हणजे व्हिडिओ नव्हे. सहा-सात वर्षांचं मूल माणसाकडून शिकतं. माझ्या वर्गातली जी मुलं टिकली त्यांच्या घरी मी स्वतः फोन करायची, आठवड्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं. मूल फोनवर मोठ्याने वाचायचं, मी दोन गणितं तोंडी घालायची, आणि आईला एवढंच सांगायची की या आठवड्यात एवढंच बघा. साध्या बटणांच्या फोनवरही ते चालायचं. बोट्स्वानात त्याच काळात असाच प्रयोग झाला : नुसते मेसेज पाठवले त्यांचं फारसं काही सुधारलं नाही, मेसेज आणि आठवड्याला फोन दोन्ही मिळालेली मुलं गणितात पुढे गेली. नंतर हा प्रयोग भारतासकट आणखी पाच देशांत झाला. शाळेने मला तो वेळ कामात धरून द्यायला हवा होता. दिला नाही, मी घरून केला.

रामबागेतले आजोबा :

मॅडम, तुमचं पटलं. पण मूळ दुखणं कोणी बोलत नाही. शेजारी बसायला घरात आजी-आजोबा होते ना? मी रिटायर्ड माणूस, दिवसभर मोकळा. नातू पहिलीत. त्याचं पुस्तक इंग्रजी, मॅडमच्या सूचना हिंदी-इंग्रजी मिसळून, आणि मी त्याला मराठीत समजावायला गेलो तर तो म्हणाला, ‘आबा, मॅम ऐसे नहीं बताती.’ मी गणित शिकवत आयुष्य काढलं, आणि नातवाला हातचा शिकवता आला नाही, कारण त्याला माझी भाषा कळत नव्हती. इंदुरात एके काळी मराठी शाळा भरलेल्या असायच्या. आता घरातच मराठी नाही, शाळेत कुठून येणार. सुना हिंदी बोलतात, मुलं हिंदी बोलतात.

सुदामानगरची सून :

आजोबा, नमस्कार करून सांगते, सुनांना मध्ये आणू नका. मी उज्जैनची, माहेरी मालवी. लग्नानंतर मराठी शिकले, हे तुम्हाला मराठीतच लिहिते आहे. माझ्या घरात मुलांशी मराठी बोलणारी मी एकटी. ज्यांची मातृभाषा आहे ते माझे मिस्टर आणि सासरे मुलांशी हिंदीत बोलतात, कारण ‘शाळेत अडेल.’ मग बोल कुणाला लावायचा?

रामबागेतले आजोबा :

तुम्ही अपवाद आहात, सूनबाई. मी सर्वसाधारण बोललो.

सुदामानगरची सून :

सगळेच अपवाद निघाले या धाग्यावर! परदेशीपुऱ्याचे भाऊ वेगळे, मी वेगळी. मग नियमात बसतं कोण?

मालवा मिल :

आजोबांचा मुद्दा सोडू नका. आमच्या वडिलांच्या पिढीत गिरणीतली मराठी, हिंदी, मालवी सगळी मुलं एका गल्लीत खेळायची, पण घरी मराठीच. आता मराठी फक्त गणपतीच्या दहा दिवसांत. मराठी समाजाच्या संस्थांनी लॉकडाऊनमध्ये काय केलं? ऑनलाइन भजनं आणि भाषणं. मुलांसाठी काय केलं ते कोणी सांगावं.

विजयनगरकर :

मराठीचा प्रश्न मोठा आहे, पण इथला विषय तो नाही. माझा मुलगा मराठी वाचत नाही, म्हणून तो मागे पडला का? नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत त्याला इंग्रजीच लागेल.

रामबागेतले आजोबा :

हेच ते! हेच! मूल काय शिकलं यापेक्षा काय ‘लागेल’ याचीच काळजी. नातू माझ्याशी बोलत नाही, त्याची किंमत कोण मोजणार?

लोकमान्यनगर :

आजोबा, तुमचं दुःख मला कळतं, माझ्या आईचंही तेच आहे. पण विजयनगरकर, मला वाटतं विषय हाच आहे. शेजारी बसणारं माणूस घरात होतं, शाळेने त्याला हाताशी धरलं नाही. आपल्याच राज्याच्या सरकारी शाळांनी 6 जुलै 2020 पासून ‘हमारा घर हमारा विद्यालय’ चालवलं. सकाळी दहाला घरात घंटी किंवा थाळी वाजवून शाळा सुरू करायची, आणि संध्याकाळी घरातल्या मोठ्यांनी गोष्टी सांगायच्या. ती गोष्ट मराठीत, मालवीत, निमाडीत, कशातही. माझी जाऊ देपालपूरकडे सरकारी शाळेत शिक्षिका आहे. रोज व्हॉट्सअॅपवर येणारे डिजीलेपचे, म्हणजे सरकारने पाठवलेले अभ्यासाचे व्हिडिओ निम्म्या घरांत उघडलेच जात नव्हते. मग जाऊबाई ओट्यावर पाच-सहा मुलं लांब लांब बसवून मोहल्ला क्लास घ्यायच्या, तो चालला. एका आजीने मुलांना डाळ मोजायला बसवून शेर-पायलीची गणितं घातली होती. आमच्या महागड्या शाळेला हे सुचलं नाही. तिथे आजीला एकच काम, नेट गेलं की राउटर बंद-चालू करणं.

विजयनगरकर :

सरकारी शाळांचं एवढं कौतुक असेल तर मुलांना तिथे घाला. आणि निकालांचं काय? ‘असर’ 2022 सांगतो की तिसरीतली दुसरीचा धडा वाचू शकणारी मुलं ग्रामीण भारतात 20.5 टक्केच.

दुसरीची मॅडम :

2018 मध्ये किती होती तेही लिहा.

विजयनगरकर :

27.3. म्हणजे कोविडच्या आधीही चारातली तीन मुलं वाचत नव्हती! मग ऑनलाइनवर खापर का?

दुसरीची मॅडम :

कारण जे थोडं उरलं होतं तेही गेलं म्हणून. आणि आकडा देशाचा आहे, पण मला चेहरे आठवतात. सप्टेंबर 2021 मध्ये वर्ग उघडला तेव्हा दुसरीतल्या एका मुलाने वही उघडली आणि पेन्सिल मुठीत धरली, खुरपं धरतात तशी. दीड वर्ष ऑनलाइन हजेरी पूर्ण, गृहपाठ पूर्ण. गृहपाठ ताई लिहायची. त्याचे आई-वडील दोघं डॉक्टर, कोविड वॉर्डात ड्यूटी. त्यांना कंटाळा केला म्हणाल?

विजयनगरकर :

नाही म्हणणार. ‘कंटाळा’ हा शब्द सगळ्यांना लागू होत नाही, एवढं मान्य करतो. पण माझं मूळ म्हणणं कायम आहे. आठवडाभर थंडीची सुट्टी, आम्हाला ऑफिस आहे, मूल दिवसभर टीव्हीसमोर. त्यापेक्षा ऑनलाइन तास बरा नाही का?

परदेशीपुरा :

आठवडाभर सुट्टी मिळाली तर पोरांना खेळू द्या उन्हात. आमची पोरगी छतावर पतंग उडवते, मांजा धरायला शिकली. आठवड्याने काही बुडत नाही.

लोकमान्यनगर :

आठवड्याने बुडत नाही, हे खरं. मला भीती दुसरी आहे. सवय लागते आहे. थंडी आली की ऑनलाइन, पाणी तुंबलं की ऑनलाइन, निवडणुकीला शाळेची इमारत घेतली की ऑनलाइन. कोविडमध्ये नाइलाज होता. आता लिंक पाठवली की शाळेची जबाबदारी संपली, आणि पुढचं सगळं आईवर. विजयनगरकर, तुम्ही सकाळी एक तास बसायचात हे खरंच चांगलं केलंत. पण तुमची शिफ्ट दुपारची होती हे तुम्हीच दिवाळीच्या वेळी लिहिलं होतं. सगळ्यांना तशी शिफ्ट मिळत नाही.

मी शाळेच्या प्राचार्यांना पत्र लिहिते आहे. तिसरीपर्यंत दिवसाला एकच सत्र, अर्ध्या तासाचं, दहा-बारा मुलांच्या गटात, म्हणजे मॅडमना वही दिसेल. लांबली सुट्टी तर आठवड्याला प्रत्येक घरी एक फोन, आणि तो वेळ मॅडमच्या कामाच्या तासांत धरावा, रात्री अकराचा नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना कागदावर छापलेला अभ्यास, शाळेच्या गेटवरून नेता येईल असा. आणि त्या कागदावर आजी-आजोबांसाठी एक काम, त्यांना येईल त्या भाषेत.

रामबागेतले आजोबा :

शेवटच्या वाक्यासाठी माझी सही आधी घ्या. आणि मी दर शनिवारी शाळेत येऊन हातचा शिकवायला तयार आहे, हिंदीत हवं तर हिंदीत.

सुदामानगरची सून :

आजोबा, मराठीतच शिकवा. माझी दोघं येतील.

मालवा मिल :

संस्थांचा प्रश्न अजून तसाच आहे. कोणी उत्तर दिलेलं नाही.

दुसरीची मॅडम :

ताई, पत्रात ‘कामाच्या तासांत धरावा’ हे ठळक लिहा. मी नोकरीवर आहे, माझी सही चालणार नाही, पण आमच्या स्टाफरूममध्ये हे पत्र सगळ्या वाचतील.

विजयनगरकर :

गटातला वर्ग मला मान्य, फोन मान्य. अर्धा तास मान्य नाही, तिसरीच्या मुलाला पाऊण तास झेपतो. तिथे ‘तीस ते पंचेचाळीस’ लिहिलंत तर माझीही सही घ्या.

लोकमान्यनगर :

पहिली-दुसरीला तीस, तिसरीला पंचेचाळीस. यापुढे मी सरकणार नाही. सोमवारी साडेनऊला गेटवर या, पत्र माझ्याकडे असेल.