आजोबांच्या फोटोतली ही मिलिटरी गाडी कोणती? (दुसरं महायुद्ध, इटली)

गिरणाकाठ, भडगाव

राम राम मंडळी. गावाकडचं धाब्याचं घर उतरवतोय, तिथे आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक फोटो सापडला. मागे इंग्रजीत फक्त इटली १९४४ एवढंच लिहिलंय. सहा चाकांची मोठी लॉरी आहे, रेडिएटर उघडाच आणि त्याच्यावर गोल डब्यासारखं काहीतरी, पुढच्या बंपरवर लोखंडाची वजनं ठेवलीत आणि मागे छोटी क्रेन. बाजूला चार जण उभे, त्यातले डावीकडून दुसरे आजोबा, हातात मोठा पाना. पाठीमागे लोखंडी जाळीचा पूल दिसतो.

आजोबा फौजेत 'गाडी ओढायच्या कामावर' होते एवढंच घरात माहीत आहे. परत आल्यावर त्यांनी आयुष्यभर पंचक्रोशीतली विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त केली. मी लहान असताना विहिरीतून इंजिन वर काढताना कोणी दोराजवळ उभं राहिलं की ते एवढे ओरडायचे, "बाजूले व्हा रे पोऱ्हो, दोर तुटना ते मान लई जाई!" एरवी माणूस एकदम शांत. गाड्यांबद्दल विचारलं तर तासभर बोलायचे पण टँकच्या आत काय असायचं असं विचारलं की उठून निघून जायचे, हे मला आता फोटो बघून आठवायला लागलंय आणि झोप लागत नाहीये खरं सांगायचं तर. ही गाडी कोणती आणि हे लोक नेमकं काय करायचे? कोणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा, पोरांना सांगायचंय.

जुनं_लोखंड, धुळे

भाऊ फोटो जपीसन ठेव, फार मोलाची गोष्ट शे ही.

गाडी स्कॅमल पायोनियर आहे, तुम्ही जे गोल डब्यासारखं म्हणताय ना त्यावरूनच ओळखू येते, ती रेडिएटरची वरची पाण्याची टाकी. इंग्लंडमधल्या वॉटफर्डची कंपनी. यात टँक वाहणाऱ्या ट्रेलरचं मॉडेल पण होतं आणि तोफा ओढायचं पण, पण क्रेन आहे म्हणजे तुमची ही रिकव्हरीवाली, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारी. इंजिन गार्डनरचं सहा सिलिंडर डिझेल, फक्त १०२ हॉर्सपॉवर! आजच्या साध्या ट्रकला पण याच्यापेक्षा जास्त असते. स्पीड म्हणाल तर ताशी चाळीस किलोमीटरच्या आतच. पण गिअरिंग असं की हळूहळू ओढत राहायची, दम सोडायची नाही. मागची चार चाकं दोन्ही बाजूला झुलत्या दांड्यावर असायची म्हणजे एक चाक हातभर वर गेलं तरी बाकीची जमिनीला टेकलेली राहतात, आणि चिखल जास्त असला तर त्याच चाकांवर साखळपट्टा चढवायचे.

पुढच्या बंपरवरची वजनं कशाला तर मागे क्रेनला जड गाडी टांगली की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून वजन ठेवून नाक खाली दाबायचं. मागचा पूल बेलीचा असावा, इटलीत जर्मन माघार घेताना पूल उडवत जायचे आणि मागून येणारे सॅपर (फौजेतले पूल-रस्ते बांधणारे) लोक जाळीचे तुकडे जोडून नवीन उभे करायचे.

निवृत्त_हवालदार, पारोळा

जय हिंद. मी स्वतः ईएमईमधून (फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारी कोअर) रिटायर झालो, रिकव्हरी मेकॅनिक होतो, म्हणून हा धागा बघून राहवलं नाही.

तुमच्या आजोबांच्या वेळी आमच्या कोअरचं नाव आयईएमई (इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) होतं, १९४३ मध्ये सुरू झाली, त्याआधी हे काम फौजेला सामान पुरवणारे ऑर्डनन्सवाले करायचे. ब्रिटिशांची अशीच कोअर, रीमी, तिच्या एक वर्ष आधी, ऑक्टोबर १९४२ ला. म्हणजे तुमचे आजोबा अगदी पहिल्या पिढीतले. इटलीत आपल्या ४, ८ आणि १० नंबरच्या डिव्हिजन होत्या, डोंगर, नद्या आणि पावसाळ्यात चिखल.

आता काम काय ते सांगतो. टँकला गोळा लागला किंवा तो सुरुंगावर गेला म्हणजे टँक संपला असं लोकांना वाटतं, तसं नसतं. बऱ्याचदा साखळी तुटते, एखादं चाक जातं, इंजिन बसतं. तो टँक रात्रीतून मागे ओढून आणला आणि वर्कशॉपने हात लावला तर दोनचार दिवसात परत लढायला जातो. नाही आणला तर शत्रू नेतो नाहीतर उडवून टाकतो. म्हणून लढाईनंतर मैदान कोणाच्या ताब्यात राहिलं याला एवढी किंमत. जर्मनांचा टायगर ५७ टनांचा, तो ओढायला त्यांच्या १८ टनवाल्या हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे साखळपट्टे असलेल्या गाड्या) तीन तीन लागायच्या. इटलीत माघार घेताना थोडक्यात दुरुस्त होणारे टँक सुद्धा त्यांना स्वतःच्या हाताने उडवावे लागले कारण ओढून न्यायला वेळ नाही आणि गाड्या नाहीत. आपल्या बाजूला तुमच्या आजोबांसारखी माणसं होती.

आणि हे काम मागे सुरक्षित जागी बसून करायचं नाही. बंद पडलेली गाडी बहुतेक वेळा शत्रूच्या तोफेच्या टप्प्यातच असते, त्याने आधीच अंतर मोजलेलं असतं. गाडीच्या भोवती सुरुंग, कधी गाडीलाच बॉम्ब बांधून ठेवलेला. आधी चारी बाजू तपासायच्या, मग वायररोप लावायचा, ते पण अंधारात, बॅटरी न लावता, हाताने चाचपून.

तुम्ही टँकच्या आत काय असायचं ते विचारलंय. भाऊ, स्पष्ट लिहितो, तुम्ही मोठे आहात. जळालेल्या टँकमध्ये माणसं राहिलेली असतात. त्यांना बाहेर काढायचं काम पण पुष्कळदा याच लोकांवर यायचं, कारण गाडी वर्कशॉपला जायच्या आधी आतून साफ व्हावी लागते आणि पुढच्या क्रूला त्यात बसायचं असतं. आजोबा उठून जायचे ते बरोबरच होतं त्यांचं. घरच्यांना ते का सांगावं.

क्रेनवाला, भुसावळ

माझी हायवेवर रिकव्हरी क्रेन आहे, नागपूर रोडला केळीचे ट्रक कलंडले की आम्हालाच फोन येतो, म्हणून दोराबद्दल मी बोलतो. वायररोप ताणलेला असताना तुटला तर चाबकासारखा मागे येतो, हाडापर्यंत कापतो. दोर जेवढा लांब तेवढ्या अंतरापर्यंत कोणी उभं राहायचं नाही आणि पुलीवरून दोर वळवला असेल तर त्या कोनाच्या आतल्या बाजूला तर बिलकुलच नाही, पुली सुटली की सरळ तिकडेच जाते. आजोबा ओरडायचे ते ज्याने हे बघितलंय तोच माणूस तसा ओरडतो.

एक प्रश्न हवालदार साहेबांना. स्कॅमलचं विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) किती टनाचं होतं? शर्मन टँक ३० टनांचा ना, मग एवढ्याशा गाडीने ओढायचा कसा?

निवृत्त_हवालदार, पारोळा

दादा चांगला प्रश्न. विंच ८ टनांचं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हिशोब शिकवतात तो असा, गाडी चाकाइतकी रुतली असेल तर तिच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, आणि टँक टरेटपर्यंत, म्हणजे वरच्या फिरत्या तोफेच्या घुमटापर्यंत गेला तर तिप्पट. म्हणजे ३० टनांचा शर्मन मडगार्डपर्यंत रुतला की ६० टन. हे ८ टनांच्या विंचने सरळ होणारच नाही. मग स्नॅच ब्लॉक (बाजूने उघडणाऱ्या पुली) लावून दोराचे फेरे वाढवायचे, चार पदर झाले की जोर जवळजवळ चौपट, घर्षणात थोडा जातो, पण टँक सरकतो चौथ्या हिश्श्याने, म्हणजे वेळ चौपट. तोफा चालू असताना तो वेळ किती मोठा असतो ते सांगता येत नाही. आणि ओढणारी गाडीच घसरत पुढे येते, म्हणून तिला मागून जमिनीत खुंट मारून किंवा झाडाला बांधून धरायचं. पण दोर लावायच्या आधी फावडं. साखळीसमोरची माती खणून उतार करायचा, ओंडके टाकायचे, आणि होता होईल तो टँक आल्या वाटेनेच मागे काढायचा कारण तिथली माती आधीच दाबलेली असते. तेवढ्याने निम्मं काम हलकं होतं. तरी नाही झालं तर दोन गाड्या लावायच्या, नाहीतर टँकच्याच चेसिसवर बनवलेली रिकव्हरी गाडी मागवायची. आपल्या काळ्या मातीत जुलैमध्ये ज्याने ट्रॅक्टर काढलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

ताकदीपेक्षा डोकं लागतं या कामाला. क्रूमध्ये ड्रायव्हर, विंचवर एक, आणि एक जण समोर उभा राहून हाताने इशारे देणारा. बाकी कोणी काही बोलायचं नाही, इशारा फक्त एकाचाच. फोटोतले चार जण म्हणजे असाच एखादा क्रू असावा.

गिरणाकाठ, भडगाव

तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर. वडिलांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले की आबा विहिरीवर पण एकट्यानेच इशारा द्यायचे आणि दुसरा कोणी बोलला तर काम थांबवायचे. पेटीत दोन तारे आणि एक गोल पदक पण आहे. एका ताऱ्याची फीत लाल पांढरी हिरवी, दुसऱ्याची फिकट वाळूसारखी आणि मध्ये लाल पट्टा. आबा कुठल्या युनिटमध्ये होते ते कसं शोधायचं?

जुनं_लोखंड, धुळे

लाल पांढरी हिरवी म्हणजे इटली स्टार. वाळूसारखी फीत, मध्ये लाल आणि बाजूला एक गडद निळी एक फिकट निळी रेघ असेल तर तो आफ्रिका स्टार, म्हणजे आबा इटलीच्या आधी वाळवंटात पण होते! ताऱ्यांच्या मागच्या बाजूला भिंगाने बघा, भारतीय शिपायांच्या पदकांवर नंबर आणि नाव कोरून द्यायचे, ब्रिटिश शिपायांना ते ताऱ्यावर मिळत नव्हतं. ब्रासो वगैरेने घासू नका, अक्षरं जातील.

निवृत्त_हवालदार, पारोळा

तो नंबर मिळाला की काम झालं समजा. सिकंदराबादला ईएमई रेकॉर्ड्स आहे, तिथे नंबर, नाव, गाव आणि वारस असल्याचा पुरावा जोडून अर्ज करा. आधी जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते अर्ज कसा लिहायचा ते सांगतात. वडिलांच्या नावाने अर्ज करा, मुलगा म्हणून त्यांचा हक्क आधी लागतो. आणि नाव इंग्रजीत पदकावर जसं कोरलंय तसंच लिहा, स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी बदलू नका, त्यांच्या रजिस्टरमध्ये तसंच असतं.