फॉस्फेट उतरतं आणि चार दिवसांत परत चढतं. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) किती लावू?

खारंपाणी
नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा सव्वादोनशे लिटरचा टँक, खाली सम्प (गाळणीची टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारा). प्रवाळ: हॅमर, टॉर्च, झोआ, एक माँटिपोरा. मासे तीनच: क्लाउनची जोडी आणि रॉयल ग्रामा. रॉक एका जुन्या, मोडीत काढलेल्या टँकमधला. चेकर (पाणी तपासायचं यंत्र) फॉस्फरस पीपीबीत (अब्जांशात) दाखवतो, रीडिंग ७५. नायट्रेट ५, अल्कलिनिटी (मुख्यतः कार्बोनेटचं प्रमाण) ८.५ डीकेएच. अर्धं पाणी बदललं की रीडिंग उतरतं, मग हळूहळू जिथल्या तिथे येतं. रॉकवर केसाळ शेवाळ माजलंय, माँटिपोरा तपकिरी पडलाय. रिॲक्टरमध्ये जीएफओ पूर्ण भरून एकदाचं शून्यावर आणावं म्हणतो. चालेल ना?

प्रवाळवेडा
पूर्ण भरू नका. शून्यावर तर मुळीच नको.

आधी आकडा बघू. ७५ पीपीबी फॉस्फरस म्हणजे ३.०६६ ने गुणून २३० पीपीबी, म्हणजेच ०.२३ पीपीएम (दशलक्षांश) फॉस्फेट. जास्त आहे, पण धावपळ करावी इतकं नाही. या पातळीवर हॅमर, टॉर्च, झोआ खुशाल वाढतात. माँटिपोरासारख्या लहान पॉलिपच्या कडक प्रवाळाला मात्र त्रास होतो, कारण फॉस्फेट कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांवर बसून त्यांची वाढ अडवतं.

हाच गुणधर्म तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. रॉकही कॅल्शियम कार्बोनेटच. जुन्या टँकमध्ये पाण्यात फॉस्फेट जास्त असताना ते रॉकच्या पृष्ठभागाला चिकटत गेलं. आता तुम्ही स्वच्छ पाणी घातलं की रॉक ते सोडायला लागतो, पाण्याचा आणि रॉकचा तोल जमेपर्यंत. पाणी बदलून उतरलेलं फॉस्फेट परत चढतं ते असं. वाळूचंही तेच. तेव्हा आपल्याला पाणी नाही, रॉक रिकामा करायचाय, आणि त्याला महिने लागतात. हे एकदा मनाशी पक्कं केलं की घाई आपोआप सुटते.

जीएफओ योग्यच आहे, पण डब्यावरच्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात करा. आरओच्या पाण्याने भुकटी जाईपर्यंत धुवा आणि दाणे वरच्या थरात जेमतेम हलतील इतकाच प्रवाह ठेवा. जोरात घुसळले तर दाणे एकमेकांवर घासून पीठ होतं आणि ते टँकमध्ये येतं. आठवड्याला ०.०२–०.०३ उतरलं तरी भरपूर. रीडिंग उतरायचं थांबलं की माल बदला. या काळात अल्कलिनिटी रोज बघा. फॉस्फेटचा अडसर कमी झाला की प्रवाळ जास्त कार्बोनेट खातो आणि तुमचा अल्कलिनिटीचा ठरलेला डोस पुरत नाही. फॉस्फेट झपाट्याने पाडल्यावर टोकांकडून सोलत गेलेले प्रवाळ मी पाहिलेत. फार वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं.

०.०५ ते ०.१ च्या दरम्यान आलात की थांबा. प्रवाळाच्या पेशीत राहणाऱ्या झूझँथेला शेवाळांनाही फॉस्फरस लागतो.

निळादिवा
शून्याबद्दल माझंही ऐका. माझ्या टँकमध्ये नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य होते तेव्हा वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर आला. सूक्ष्मदर्शकाखाली डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय जीव) निघाले. दुपारी दाट, रात्री विरळ. गोगलगायी मेल्या. पाण्यात पोषण परत आणल्यावर कुठे तो हटला. केसाळ शेवाळ त्यापेक्षा शंभरदा परवडलं.

खारंपाणी
दोघांचे आभार. मग जीएफओऐवजी व्हिनेगर डोस केला तर? आणि फ्रोझन खाणं धुऊन घालू का?

प्रवाळवेडा
तुमच्या टँकला व्हिनेगर नको. त्यावर वाढणारे बॅक्टेरिया फॉस्फरसच्या कितीतरी पट नायट्रोजन उचलतात. तुमच्याकडे नायट्रेट ५ आणि मागे रॉकमधला साठा. आधी नायट्रेट शून्याला टेकेल, फॉस्फेट मागे उरेल, आणि वर निळादिवा म्हणतात ते संकट उभं राहील. नायट्रेट ४०–५० असतं तर मीच व्हिनेगर सुचवलं असतं.

खाणं धुवा, वितळल्यावर सुटलेलं पाणी जातं. पण त्यातून फार थोडं फॉस्फेट वाचतं, बहुतेक फॉस्फरस खाण्याच्या मांसातच असतो. म्हणून माशांना उपाशी ठेवू नका. तीन मासे आहेत, त्यांचं पोट भरू दे. त्यापेक्षा टॉप-अपच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजलात का?

खारंपाणी
आत्ता मोजला. डीआय रेझिनच्या (क्षार काढणाऱ्या) गाळणीनंतर ४ येतोय.

प्रवाळवेडा
मग रेझिन संपलंय. शून्यच यायला हवं. रोज बाष्पीभवनाची भरपाई त्याच पाण्याने होते, त्यामुळे त्यात जे काही येतं ते टँकमध्ये साचत जातं. आधी रेझिन बदला.

जीएफओ लावण्यापूर्वी एक काम हाताने करा. पंप बंद करून केसाळ शेवाळ मुळापासून चिमटीत धरून उपटा आणि पाण्याबाहेर काढा, सुटे धागे पातळ नळीने ओढून घ्या. त्या शेवाळात रॉकमधून निघालेला फॉस्फरस बांधलेला आहे. टँकमध्येच कुजलं तर तो पाण्यात परत येईल. शक्य असेल तर सम्पमध्ये दिव्याखाली मूठभर कीटो शेवाळ ठेवा, वाढेल तसं कापून टाकत जा. पुढच्या आठवड्यात फॉस्फेट आणि अल्कलिनिटी दोन्ही इथे टाका, जीएफओची मात्रा वाढवायची की नाही ते त्यावरून ठरवू.