अंबाझरीचा व्हिडिओ पुढे पाठवण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न: नागपुरात पावसाने जोर धरला की अंबाझरी तलाव फुटल्याचा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या गटात येतो. तो आजचा की २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराचा, हे कसे ओळखावे?

उत्तर १: मी व्यापारी जहाजावर होतो. किनाऱ्यावरील एका दीपस्तंभाच्या दिशेवरून नकाशावर केवळ रेषा मिळते. दुसऱ्या खुणेची रेषा तिला छेदते तेव्हाच जहाजाचे स्थान कळते आणि तिसरीने ते पडताळले जाते. जहाजांची टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील सातवा नियम अपुऱ्या माहितीवरून निष्कर्ष काढण्यास मनाई करतो. म्हणून व्हिडिओतील पाट्या, मेट्रोचे काम आणि प्रशासनाची सूचना एकमेकांशी ताडून पाहावी.

उत्तर २: काका, तोवर पाणी खरेच आले तर?

उत्तर १: त्याच नियमानुसार शंका असल्यास धोका आहे असेच धरायचे असते. नदीकाठच्यांनी आधी वरच्या मजल्यावर जावे. व्हिडिओ मात्र पाठवू नये.