ओळखीतून होणारी भरती: खाजगी कंपन्यांवर काही बंधन असावे का?

धागाकर्ता (हिंगणा रस्ता)
नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींमधील लहान कारखान्यांत जागा रिकामी झाली की तिची जाहिरात बहुधा येतच नाही. जुन्या फिटरचा पुतण्या किंवा मालकाच्या व्याह्यांनी सुचवलेला मुलगा पुढच्या सोमवारी कामावर हजर होतो. नागपूरच्याच मिहान या उद्योग प्रकल्पातील कंपन्यांत हेच रेफरल, म्हणजे कर्मचाऱ्याने आपल्या ओळखीचा उमेदवार सुचवणे, म्हणून रीतसर चालते. सरकारी नोकरीत समान संधीची हमी संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने दिली आहे, पण ती खाजगी क्षेत्राला लागू नाही. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाला कळवायला लावले खरे, मात्र त्या कार्यालयाने पाठवलेल्या उमेदवारालाच घ्यावे असे कधीच म्हटले नाही. माझे मत असे की, प्रत्येक जागा किमान जाहीर तरी झाली पाहिजे आणि ओळखीने आलेल्या अर्जाला वेगळी रांग नसावी.

प्रतिसाद १ (लघुउद्योजक)
आपण हे कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून लिहिले आहे, असे नम्रपणे म्हणतो. सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाने नियंत्रित होणाऱ्या यंत्रावर, चुकीचा माणूस बसला तर एका दिवसात टूलचे आणि मालाचे जे नुकसान होते ते त्याच्या महिन्याच्या पगारातून भरून निघत नाही. आयटीआयचे प्रमाणपत्र सगळ्यांकडे असते. हात कसा आहे आणि दिवाळीनंतर हा मुलगा परत येईल का, हे मात्र प्रमाणपत्र सांगत नाही. सुचवणारा फिटर ते सांगतो, आणि मुलगा बिघडला तर त्या फिटरचीही मान खाली जाते. ही जबाबदारी कोणती जाहिरात घेणार आहे?

प्रतिसाद २ (उत्तर नागपूर, घरातील पहिली पदवीधर)
फिटर आपल्याच माणसाला सुचवणार, हे आपणच मान्य केलेत. ज्या घरातून आजवर कोणी कारखान्यात गेलेच नाही, त्या घरातल्या मुलीला सुचवायला फिटर आणायचा कोठून? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवले होते. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश आढळला, आणि मुस्लिम नावाचा तर सुमारे एक-तृतीयांश. ओळख नसणे आणि नावावरून ओळखले जाणे, असा हा दुहेरी मार आहे.

प्रतिसाद १ (लघुउद्योजक)
ताई, तो अभ्यास तर जाहिरातींचाच आहे! म्हणजे जाहिरात सक्तीची केली तरी भेदभाव राहतोच, मग धागाकर्त्यांच्या उपायाने साधणार काय?

प्रतिसाद ३ (व्यवस्थापन विषयाचे प्राध्यापक)
या वादात ओळख म्हणजे जवळचे नाते असे सर्वांनी गृहीत धरले आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्यांचा अभ्यास केला (तो १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाला), तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतूनच मिळाली होती; पण ज्यांच्याकडून माहिती मिळाली ते बहुतेक जण अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे होते. जवळच्या मंडळींना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. तेव्हा ओळखी तोडण्यापेक्षा त्या रुंद कराव्यात. माजी विद्यार्थ्यांच्या संघटना त्यासाठीच असतात.

प्रतिसाद २ (उत्तर नागपूर, घरातील पहिली पदवीधर)
सर, व्हीएनआयटीचे (नागपूरच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेचे) माजी विद्यार्थी कोणत्या पदांवर बसले आहेत आणि गडचिरोलीच्या तंत्रनिकेतनाचे कोणत्या, याचा हिशेब केल्याशिवाय रुंद ओळखींचा सल्ला फार स्वस्त पडतो. शिवाय नोकरी लागल्यावर हा प्रश्न संपत नाही. मोठा प्रकल्प कोणाला द्यायचा, पुण्याच्या ग्राहकाकडे कोणाला न्यायचे, हे साहेबांच्या घरच्या गणपतीला जाणाऱ्यांमध्ये आधीच ठरलेले असते. वर्षाअखेरीस मूल्यमापनात मग ‘अनुभव कमी’ असा शेरा मिळतो, आणि कागदोपत्री तो खराही असतो. भरतीतला वशिला निदान दिसतो तरी. हा दिसत नाही, म्हणून त्यावर दादही मागता येत नाही.

धागाकर्ता (हिंगणा रस्ता)
उद्योजक महोदयांची शंका रास्त आहे. नुसत्या जाहिरातीने भागणार नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून क आणि ड गटांतील पदांच्या मुलाखती बंद केल्या, कारण वशिल्याला वाव तेथेच होता. कारखान्यात लेखी परीक्षेचा उपयोग नाही हे मान्य, परंतु यंत्रावरची प्रत्यक्ष चाचणी सर्वांची सारखी घेता येते. फिटरने मुलगा खुशाल सुचवावा. चाचणीत प्रत्येकाने बनवलेला जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, मात्र नाव झाकून तपासावा.

प्रतिसाद १ (लघुउद्योजक)
दहा जणांची चाचणी म्हणजे यंत्र दिवसभर अडकले. ऑर्डर उशिरा गेली तर दंड मला बसतो. तरीही दोघा-तिघांची चाचणी मी घेऊ शकेन.

प्रतिसाद २ (उत्तर नागपूर, घरातील पहिली पदवीधर)
त्या दोघा-तिघांची नावे कोण काढणार, तेवढे सांगा.